आमचा कार्तिक उशिरा संपतो

पूर ओसरला की बनारसला आधी घाट दिसत नाहीत, गाळ दिसतो. कमरेएवढा, राखाडी, वरून सुकून तडकलेला आणि आतून ओला. मग कितीतरी दिवस डिझेलचे पंप धडधडत राहतात. माणसं जाड नळ्या खांद्यावर घेऊन गंगेचंच पाणी गंगेनं टाकलेल्या मातीवर मारतात आणि खालून एकेक पायरी उघडी पडत जाते. दसरा होतो, कोजागिरी होते, गल्लीत शिंगाड्यांचे ढीग लागतात, तरी तो आवाज चालूच असतो. बाहेरून येणाऱ्यांना काशीचा कार्तिक म्हटलं की दिवे आठवतात. मला आठवतो तो पंप, आणि ओल्या दगडाचा वास.

आज सकाळी पंचगंगा घाटावर तो पंप पुन्हा सुरू झाला. मी उतरले तेव्हा वरच्या पायऱ्या धुऊन झाल्या होत्या. झोताखाली माती फुटून वाहत होती आणि तिच्यातून पुड्या बाहेर येत होत्या. शॅम्पूच्या, गुटख्याच्या, कपड्यांच्या साबणाच्या. रंग जरासे विटलेले, बाकी जशाच्या तशा. त्यांत एक हिरवी, कडेला सोनेरी रेघ असलेली. ती दिसली की मी वाकते. पूर्वी संतापानं वाकायचे.

ती पुडी वैजूची.

वैजयंती माझ्याबरोबर कॉलेजात होती. पुढे ती शॅम्पू विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीत गेली आणि चढत चढत उत्तर भारताची विक्रीप्रमुख झाली. आमच्याकडच्या कुठल्याही टपरीच्या दाराशी तोरणासारखी लोंबणारी पुड्यांची माळ असते ना, ती तिथवर पोचवणं हे तिचं काम. जिथं बस जात नाही तिथं तिची पुडी जात होती. गेल्या वर्षी श्रावणात गुडगावच्या इस्पितळात, तापाचं निमित्त होऊन ती गेली. पस्तिशीही गाठली नव्हती.

मी तिच्याबद्दल लिहावं असं मला कुणी सांगितलेलं नाही. तिच्या कंपनीनं तिच्यावर चकचकीत पान छापलं होतं. त्यात ती कशी झपाटल्यासारखी काम करी आणि सगळ्यांशी कशी हसून बोले, हे होतं. ते खोटं नव्हतं. पण ते वाचताना वाटलं, यात एकही वाक्य तिनं ठेवलं नसतं.

मला अक्षरं पाटीवर आली नाहीत, पत्रकांवर आली. बाबा रेल्वेत कारकून आणि युनियनचे खंदे कार्यकर्ते. साताऱ्याहून बदली होऊन इथं आले ते इथलेच झाले. घरात गुळगुळीत पुस्तकं कमी, पण पिवळ्या, गुलाबी, पातळ कागदांचे गठ्ठे पलंगाखाली कायम. पहिलीत असताना मी 'कामगार' हा शब्द 'कमळ'च्या आधी शिकले. माझं नाव क्रांती ठेवण्यात आलं, ते हाक मारायला अवघड जातं म्हणून शेजारपाजारच्या आज्या मला 'ए रेल्वेवाल्यांची' म्हणत. त्या पत्रकांमुळे मला दोन गोष्टी मिळाल्या: अन्याय दिसला की गप्प न बसण्याची सवय, आणि फार लांब वाक्यं.

वैजूचं घर याच्या अगदी उलट. ती दुर्गाघाटाच्या वैदिकांची. कितव्या पिढीपासून काशीत आहेत हे त्यांनाही नेमकं सांगता येत नसे. वडील, अण्णा, मुलांना वेद शिकवत, पंचांग सांगत. आई ती लहान असतानाच गेलेली. तिची मराठी ऐकून माझी आई पदराआड हसे, कारण वैजू "मी परेशान झाले", "बिलकुल नको" असं सहज बोलायची. पण खाली घाटावर दिसलेल्या कुठल्याही मराठी यात्रेकरूला ती त्याच्या गावाच्या हेलात बोलून दाखवी. नक्कल करणं आणि समोरच्याचं तोंड वाचणं, हे तिच्याकडे उपजत होतं.

कॉलेजात वसतिगृहाच्या फीवाढीविरुद्ध मी पहिलं पत्रक काढलं. वैजूला त्या फीचं काही सोयरसुतक नव्हतं, तीही माझ्यासारखी घरीच राहायची. ती फाटकापाशी उभी राहून बघत होती.

"ए पर्चा," ती म्हणाली. पत्रकाला इथं पर्चा म्हणतात. त्या दिवसापासून माझं तेच नाव पडलं. "तुझा कागद लोक किती लांब नेतायत ते बघितलंस?"

"म्हणजे?"

"चल माझ्याबरोबर."

ती मला गल्लीतून घेऊन गेली. जिथं जिथं माझं पत्रक पडलं होतं तिथं तिथं ती वाकून ते उचलत होती. बहुतेक पहिल्या वळणावरच पडली होती. एक-दोन पानवाल्याच्या दुकानापर्यंत पोचली होती. एकात भुईमुगाच्या शेंगा होत्या.

"हा शेंगावाला तुझा सर्वांत निष्ठावान वाचक," ती म्हणाली. "तुझं पहिलं वाक्य संपेपर्यंत वळण येतं. लोक चालत असतात गं, बसलेले नसतात."

त्या संध्याकाळी तिच्या घरच्या ओसरीवर बसून तिनं माझं पत्रक कापलं. पेन्सिल कानामागं, तोंडात आवळा. अर्ध्याहून जास्त उडवलं. मी चिडले, भांडले, प्रत्येक शब्दासाठी झगडले. ती फक्त विचारायची, "हे कोणाला सांगतेस? त्याला की तुला?" दुसऱ्या दिवशी वाटलेलं पत्रक चौकापर्यंत पोचलं. तिनं मागून जाऊन पाहिलंच.

पुढची सगळी वर्षं आम्ही असंच काम केलं. मी लिहायचे, ती कापायची, दोघी वाटायचो, मग दोघी मागून जाऊन पडलेले कागद गोळा करायचो. ती ते हातात धरून नकाशा वाचल्यासारखी बघे. मला वाटायचं ती माझ्या लढ्यात आहे. तिला लढ्याचं नव्हतंच काही. एखादी गोष्ट एका हातातून दुसऱ्या हातात कशी जाते, आणि कुठं गळून पडते, एवढंच तिला बघायचं होतं. हे मला फार उशिरा कळलं. तोवर ती शिकायला बाहेर गेली होती, मग नोकरीला लागली होती, आणि आमच्या गल्लीतल्या प्रत्येक दुकानात तिच्या कंपनीची हिरवी माळ लोंबत होती.

मी त्याच सुमारास घाटांवरच्या कचऱ्याविरुद्ध काम करणाऱ्या मुलामुलींत सामील झाले. गाळातून पुड्या वेचायच्या, गोणी भरायच्या, त्या गोण्या लोकांसमोर ठेवायच्या. गरिबाला मोठी बाटली परवडत नाही म्हणून त्याला पुडी द्यायची, आणि पुडीचा कचरा त्याच्याच दाराशी, त्याच्याच नदीत सोडायचा, हा व्यवहार मला तेव्हा नीच वाटत होता आणि आजही वाटतो. वैजू गेली म्हणून माझं मत मवाळ झालेलं नाही. मेलेल्या माणसासाठी मतं बदलणं हा तिचाही अपमान झाला असता.

शेवटची भेट झाली ती याच पायऱ्यांवर, ती गेली त्याच्या आदल्या कार्तिकात. ती सुट्टी घेऊन आली होती. अंगात ऑफिसची सवय, पण पायात अण्णांच्या जुन्या चपला. मी पत्रकं घेऊन उभी होते. त्यात तिच्या कंपनीचं नाव होतं.

"दाखव," ती म्हणाली.

मी दिलं. तिनं उभ्याउभ्या वाचलं. मला वाटलं आता भांडण होणार. मी तयारच होते. खरं तर वर्षभर वाट बघत होते.

"पेन आहे?"

"कशाला?"

"अगं, दे."

पायरीवर बसून तिनं गुडघ्यावर कागद ठेवला. "हे 'पर्यावरणीय ऱ्हास' कोण वाचणार? नावाडी? आणि कंपनीचं नाव इतक्या खाली का? घाबरलीस का मला? वर घे." मग समोरच्या पाण्याकडे बघत तिनं माझी पहिली चार वाक्यं खोडून तिथं एकच लिहिलं. वापरायला एक क्षण, गंगेत कायमची.

"हे चौकाच्या पुढे जाईल," ती म्हणाली.

"तुझ्याच विरुद्ध आहे हे, वैजू."

"मग? वाईट लिहू?"

मी म्हटलं, तुला हे इतकं नीट कळतं तर सोडत का नाहीस? ती म्हणाली, तुला एवढा राग येतो तर तुझी वाक्यं लांब का? आम्ही चहा प्यायलो. ती परत गेली. ते पत्रक आम्ही तिच्या शब्दांत छापलं, आणि ते खरोखरच चौकाच्या पुढे गेलं. मागून चालत जाऊन मी एकटीनं पाहिलं.

अण्णा तिच्या अस्थी घेऊन परतले तेव्हा गंगा चढलेली होती. घाट बुडाले होते, नावा बंद होत्या. वरच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी आलेलं, तिथंच एका घराच्या उंबऱ्याशी बसून त्यांनी त्या सोडल्या. मी मागं उभी होते. मला ते विधी पटत नाहीत आणि त्यांना ते ठाऊक आहे. त्यांनी एकदाच मागं वळून पाहिलं, मी आहे ना एवढंच.

आता दिव्याबद्दल सांगायला हवं. तुमच्याकडे दिवाळीत दाराशी आकाशकंदील लागतो. इथला आकाशदीप वेगळा. कार्तिकात घाटावर उंच बांबू रोवतात, टोकाला कप्पी, तिच्यातून दोरी, दोरीला बांबूच्या काड्यांची झाकणाची टोपली. संध्याकाळी टोपलीत दिवा ठेवायचा आणि दोरी ओढून वर चढवायचा. गेलेल्यांना वरची वाट दिसावी म्हणून.

यातही आम्हां मराठी लोकांची एक गंमत आहे. इकडचे लोक महिना पौर्णिमेला संपवतात, आपण अमावास्येला. त्यामुळे कोजागिरी झाली की अख्ख्या काशीला कार्तिक लागतो आणि मराठी घरांतून मात्र अजून आश्विनच चालू असतो. आपला कार्तिक उगवतो पाडव्याला. अण्णा या बाबतीत कडवे. शेजारी सगळे दिवे चढलेले असताना त्यांचा बांबू पंधरवडाभर मोकळा उभा असायचा. वैजू म्हणायची, "आमचे आजोबा बिचारे दरवर्षी अंधारात चाचपडतात. बाकीच्यांचे कधीच पोचले." उतरवायचा मात्र सगळ्यांबरोबर, पौर्णिमेला, कारण दुसऱ्या दिवशी मल्लाह, म्हणजे नावाडी, बांबू उपटून नेतात.

गेल्या वर्षी कोजागिरीच्या दुसऱ्या संध्याकाळी अण्णा माझ्या दारात आले. हातात तेलाची बाटली आणि टोपली.

"पोरी, खांदा वर जात नाही. दोरी ओढशील?"

मी कॅलेंडरकडे पाहिलं. "अण्णा, आपला आश्विन चालू आहे अजून."

"ठाऊक आहे."

गल्लीत त्यांच्याच पाठशाळेतले एक काका भेटले. टोपली बघून थबकले. "अण्णा, आश्विनात दिवा? आणि तोही..." पुढचं त्यांनी गिळलं. लग्न न झालेल्या मुलीसाठी बापानं पितरांचा दिवा लावायचा का, असं ते विचारणार होते.

"पंचांग तुम्हाला मीच सांगतो ना?" अण्णा म्हणाले. "मग आज कार्तिक लागला."

खाली उतरताना, भिंतीला हात लावून एकेक पायरी घेत ते मला म्हणाले, "तिला गल्ल्या कधी लक्षात राहिल्या नाहीत बघ. दुर्गाघाटाला निघायची आणि ब्रह्माघाटाला उतरायची. उशीर करून चालणार नाही."

मी दोरी ओढली. दोरी ओढणं ही श्रद्धा नाही, श्रम आहेत, असं मी स्वतःला बजावलं. वैजू असती तर म्हणाली असती, हे वाक्य चांगलं आहे, पण कोणाला सांगतेस?

मग रोज संध्याकाळी आम्ही दोघं. मी येताना खांद्यावर वेचलेल्या पुड्यांची गोणी असायची, ती मी पायरीखाली ठेवायची. दिवा वर गेला की अण्णा बसत. समोर काळं होत जाणारं पाणी, वर वाऱ्यानं हलणाऱ्या टोपल्या. शाल पुरेनाशी व्हायची. मग एकदा त्यांनी विचारलं:

"ती नेमकं काय करायची गं तिथं?"

"तुम्हाला सांगितलं नव्हतं तिनं?"

"सांगायची. फोनवर. टार्गेट म्हणायची, झोन म्हणायची. मी हूं हूं करायचो. मला वाटायचं, येईल तेव्हा नीट विचारू."

मी सांगायला लागले आणि अडखळले. त्या पुडीनं काय नासवलं हे मी तासभर सांगू शकत होते. वैजू सकाळी उठून कुठं जायची, कोणाशी बोलायची, दमायची का, हे मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. आमचं बोलणं कायम माझ्या कागदावर चालायचं. शेवटी मी म्हटलं, "अण्णा, दुकानाच्या दाराशी माळ असते ना, हिरवी. ती तिथपर्यंत तिनं आणली."

"आपल्या कोपऱ्यावरच्या?"

"तिथंही."

परतताना ते त्या दुकानाशी उभे राहिले आणि माळेकडे मान वर करून बघत राहिले, आकाशदीपाकडे बघतात तसे. दुकानदार म्हणाला, "गुरुजी, का चाही?" ते म्हणाले, "कुछ नाहीं, देखत हई." मी पुढे निघून गेले. मला तिथं थांबवेना.

पौर्णिमेला पंचगंगेवर पाय ठेवायला जागा नसते. पायरी न् पायरी दिव्यांनी भरते, नावा माणसांनी वाकतात. आमच्या गटातली मुलं शेजारच्या घाटावर पत्रकं वाटत होती, वैजूनं दुरुस्त केलेलंच पत्रक, पुन्हा छापलेलं. मी अण्णांबरोबर होते. टोपली उतरवली. अण्णांनी दिवा काढून झेंडूच्या पाकळ्या भरलेल्या द्रोणात ठेवला. मग बंडीच्या खिशात हात घातला आणि हिरवी, सोनेरी रेघेची एक पुडी काढून दिव्याशेजारी ठेवली.

मी त्यांचं मनगट धरलं.

"अण्णा, हे नाही."

"तिचं आहे ना? शास्त्रात नाही हे, ठाऊक आहे मला."

"शास्त्राचं मला काय? हे गंगेत सोडायचं नाही."

"का?"

माझ्या तोंडून तिचंच वाक्य आलं. "वापरायला एक क्षण, गंगेत कायमची. विरघळत नाही हे, अण्णा. गाळात राहतं. पुढच्या वर्षी पाणी ओसरलं की पुन्हा वर येतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पुन्हा वर येतं?"

"हो."

"इथंच?"

त्या आवाजात जे होतं ते ऐकून मला माझं वाक्य परत घ्यावंसं वाटलं. पण ते खरं होतं, आणि मी खोटं बोलायला शिकलेले नाही. "इथंच," मी म्हटलं. "याच पायऱ्यांवर."

"मग बरंच की गं," अण्णा म्हणाले.

मी मनगट सोडलं नाही. सोडायला हवं होतं का, हे मला आजही सांगता येत नाही. मागून लोक ढकलत होते, कुणीतरी "आगे बढ़ा, चाचा" म्हणत होतं, द्रोणातला दिवा फडफडत होता. शेवटी अण्णांनीच पुडी उचलली आणि माझ्या तळहातावर ठेवून माझी बोटं मिटली.

"घे. तुम्हा दोघींच्या भांडणात मी कशाला पडू."

द्रोण त्यांनी पाण्यात सोडला. इतक्या दिव्यांत तो लगेचच कुठला ते कळेनासं झालं.

या वर्षी अण्णा नाहीत इथं. पुतण्या त्यांना इंदूरला घेऊन गेला. दुर्गाघाटच्या घराला कुलूप आहे. ती पुडी माझ्याजवळ आहे. ती कचऱ्याच्या गोणीत टाकता येत नाही आणि फोडून वापरताही येत नाही. पत्रकं मी अजून लिहिते. ती पुन्हा लांब व्हायला लागली आहेत. मुलं आदरानं छापतात, एक शब्द कापत नाहीत, आणि पहिल्या वळणावर मला ती पडलेली सापडतात.

पण गेल्या वर्षीचा कार्तिक पौर्णिमेला संपला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, सवयीनं म्हणा, मी पंचगंगेला उतरले. घाट रिकामा होता. पायऱ्यांवर सांडलेलं तेल, काळ्या पणत्या, कुत्री. मल्लाह बांबू उपटून नावेत घालत होते. बहुतेक निघालेच होते. अण्णा आमच्या बांबूला पाठ लावून बसले होते, मांडीवर टोपली.

एक मल्लाह त्यांना समजावत होता, "गुरुजी, कातिक त बीत गयल."

"तोहार बीतल," अण्णा म्हणाले. "हमार अबहीं हौ."

मल्लाहानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याला सांगितलं की आम्हां मराठी लोकांचा कार्तिक अमावास्येपर्यंत चालतो. त्यांचा संपला, आमचा पंधरवडा बाकी आहे. आयुष्यात पहिल्यांदाच मी कोणाला काही इतक्या कमी शब्दांत पटवून दिलं. तो मान हलवून पुढच्या बांबूकडे गेला.

अण्णांनी वात लावली, झाकण बसवलं, आणि दोरी माझ्याकडे दिली.

"हळू," ते म्हणाले. "आज एकटाच आहे तो."

मी ओढत राहिले, टोपली कप्पीला टेकेपर्यंत.